फ्यूज बीड्स : मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी सुरुवात कशी करावी?

सातरस्ता
आमच्या सोसायटीत उन्हाळ्याच्या सुट्टीत फ्यूज बीड्सचा वर्ग घ्यायचं घाटतंय. खुंट्यांच्या बोर्डावर प्लॅस्टिकचे मणी रचायचे, वरून इस्त्री फिरवली की सगळे एकमेकांना चिकटतात, तेच ते. मुलं आठ, वयं ५ ते १२. दोघी-तिघी आयाही बसणार आहेत. त्यांना कोस्टर, दाराला तोरण असलं काहीतरी हवंय.

मणी कुठल्या मापाचे घ्यावेत आणि किती? ब्रँडेडच हवेत का? घरची इस्त्री चालेल का? आणि मुख्य म्हणजे युनिकॉर्न आणि कार्टून सोडून आपल्या सोलापूरचं काही त्यात बसवता येईल का?

नेमकं सांगा. "खूप छान उपक्रम, शुभेच्छा" असे प्रतिसाद नकोत, ते व्हॉट्सॲपवर भरपूर आलेत.

कडकभाकरी
खूप छान उपक्रम, शुभेच्छा.

इस्त्री कशाला पाहिजे बे? मे महिन्यात बोर्ड गच्चीवर ठेवा, दुपारी दोनला उतरवा. झालं.

मणीमोहोर
@कडकभाकरी, मणी पॉलिथिनचे असतात. ते साधारण १०५ ते ११५ अंशांना वितळतात. सोलापूरचा मे अजून तरी तिथवर पोचलेला नाही.

@सातरस्ता, मापं तीन. १० मिमीचे जाड मणी ३ वर्षांपुढे, ५ मिमीचे ५ वर्षांपुढे आणि अडीच मिमीचे बारीक १० वर्षांपुढे. हामा ही डॅनिश कंपनी अशीच वयं सांगते आणि ती व्यवहारात बरोबर ठरतात. तुमच्या गटाला सरसकट ५ मिमी घ्या. बारीक मणी चिमट्याशिवाय बसत नाहीत आणि इस्त्रीखाली काही सेकंदांत सपाट होतात. ते आयांसाठी, तेही नंतर. ज्या घरात रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं पोर आहे त्या घरात वर्ग ठेवू नका. हा मणी नाकात, कानात आणि घशात सहज जातो.

आता हिशोब. नेहमीचा चौकोनी बोर्ड २९ × २९ खुंट्यांचा, म्हणजे ८४१ मणी, बाजू साडेचौदा सेंटीमीटर. पण मुलांचं चित्र अख्खा बोर्ड भरत नाही. पतंग, मासा, फुलपाखरू यांना २५० ते ४०० मणी लागतात. आठ मुलांना एका बैठकीला ३००० धरा. रंग दहा पुरेत, पण काळा आणि पांढरा इतरांच्या दुप्पट घ्या. कडा सगळे काळ्याने काढतात, डोळे आणि रिकाम्या जागा पांढऱ्याने, आणि हेच दोन रंग आधी संपतात. मोजत बसू नका. १००० मणी साधारण ६० ग्रॅम भरतात, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला.

रंग वेगवेगळे असलेलीच पाकिटं घ्या. मिसळलेलं पाकीट स्वस्त दिसतं, पण मग वर्गाचा अर्धा वेळ निवडण्यात जातो.

शून्यफुली
शेवटच्या मुद्द्याला असहमती. ५-६ वर्षांच्या मुलांना निवडणं हाच अर्धा खेळ असतो. एक मिसळलेलं पाकीट जरूर ठेवा आणि लहानांना द्या. मोठ्यांना सुटे रंग.

साठवायला मसाल्याचा डबा उत्तम. सात वाट्या, वर एक झाकण. झाकण वाट्यांना टेकत नसेल तर डबा उचलताना आडवा करू नका, नाहीतर सगळेच रंग मिसळलेल्या पाकिटाचे होतात.

बाळीवेस
एवढा व्याप कशाला? पाणी फवारलं की चिकटणारे मणी मिळतात. इस्त्री नको, चटका नको, वीज गेली तरी काम चालू. लहान मुलांसाठी तेच बरे.

मणीमोहोर
त्या मण्यांवर पाण्यात विरघळणारा लेप असतो. कोरडे झाले की चिकटतात खरे, पण पावसाळ्यात घाम सुटल्यासारखे ओशट होतात आणि वस्तू वापरायची नसते, नुसती ठेवायची असते. कोस्टर केलं तर पहिल्या गार ग्लासाखालीच सुटं होईल. तोंडात घातले तर लेप थेट पोटात जातो, हा दुसरा मुद्दा. २००७ साली ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत अशा मण्यांचा खप जोरात असताना माल परत मागवावा लागला होता, कारण लेपात वापरलेलं रसायन गिळल्यावर शरीरात गुंगी आणणाऱ्या द्रव्यात बदलत होतं. आजचे सगळे तसे असतात असं नाही, पण ५ वर्षांच्या मुलाला द्यायचे तर कुठले आहेत ते बघून द्या.

आणि पाण्यात टाकल्यावर फुगणारे जेलीसारखे गोळे हा तिसराच प्रकार. तो तर लहान मुलं असलेल्या घरात नकोच; गिळला की आतड्यात फुगतो. ऑनलाइन शोधताना तिन्ही एकाच यादीत येतात. फोटोत मणी नळीसारखा आरपार पोकळ दिसतोय का ते पाहा. इस्त्रीचा मणी तोच.

वायरमन
इस्त्रीबद्दल बोलतो.

घरची चालेल, पण वाफेची नको. तिच्या तळाला वाफेची भोकं असतात, त्या जागी पत्राच नसतो, म्हणून त्याखालचे मणी कच्चे राहतात. शिवाय टाकीत चमचाभर पाणी राहिलं तरी थेंब कागदावर पडतो आणि तिथला भाग गार होतो. साधी, हलकी, ७५० किंवा १००० वॉटची कोरडी इस्त्री या कामाला सगळ्यात चांगली. जुनी माळ्यावर पडलेली असेल तर तीच काढा, तळ फक्त ओल्या फडक्याने पुसून घ्या. जळलेल्या कांजीचा डाग असेल तर तो कागद ओढतो.

चकतीवर दोन टिंबं म्हणजे १५० अंशांच्या आसपास. तिथे लावा. तीन टिंबं म्हणजे सुती कापडाचं, २०० च्या आसपास. त्यावर कड वितळून जाते आणि मधलं कच्चं राहतं. इस्त्री लावली की दिवा पेटतो, तो विझेपर्यंत थांबा. त्यानंतरही लगेच नको. पहिल्यांदा दिवा विझतो तेव्हा पत्रा ठरवल्यापेक्षा जास्त तापलेला असतो. दिवा दुसऱ्यांदा विझला की सुरू करा.

पंखा बंद. हा नियम मुलांना आवडत नाही, पण वाऱ्याने कागद उडतो आणि तयार तुकडा एका बाजूने आधी गार होऊन पापडासारखा वळतो.

दोन इस्त्र्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. १००० वॉटची एक इस्त्री सव्वाचार अँपिअरच्या वर ओढते. दोन लावल्या की पावणेनऊ. घरातले बहुतेक बोर्ड ६ अँपिअरचे असतात. गीझर किंवा एसीची १६ अँपिअरची जागा असेल तर एक इस्त्री तिथे लावा.

कडकभाकरी
आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला दिलं तर? तो तर कोळशाची वापरतो, वीज गेली तरी काम चालू.

वायरमन
ती इस्त्री वजनानेच मणी चिरडेल, आणि उष्णता किती ते त्याच्या बोटाला कळतं, मण्याला नाही. तुमचा शर्ट द्या त्याला.

मणीमोहोर
इस्त्रीचं वजन हा खरंच महत्त्वाचा मुद्दा आहे. दाबायचं नसतं. कागद ठेवला की इस्त्री नुसती टेकवून छोटी छोटी वर्तुळं फिरवायची, एका जागी थांबायचं नाही. पहिल्या काही सेकंदांत हात जड पडला तर मणी खुंट्यांवरून तिरके होतात आणि मग ते तसेच चिकटतात. अख्ख्या बोर्डाला १५ ते २५ सेकंद, मग कागद न उचलता वाकून बघा. मण्यांच्या गोल कडा कागदातून दिसायला लागतात आणि भोकं लहान होतात. भोकं अर्धी उरली की थांबा. पूर्ण बुजवायची ती सपाट, चकचकीत वस्तू हवी असेल तरच.

इस्त्री काढल्यावर कागदासकट वर एक जाड पुस्तक ठेवा, दोन-तीन मिनिटं. गार झाल्यावर कागद एका कोपऱ्यातून हळू सोडवा. काही मणी कागदाबरोबर वर येत असतील तर तो तसाच खाली सोडा आणि पुन्हा इस्त्री फिरवा. मग बोर्ड काढून दुसऱ्या बाजूला तेच. दुसरी बाजू केली नाही तर तुकडा वाकतो, कारण वितळलेली बाजू आकसते आणि दुसरी नाही.

वाकलाच तर टाकू नका. कागदाखाली पुन्हा दहा सेकंद तापवा आणि गरम असतानाच दोन पुस्तकांत दाबा.

बालवाडीताई
कागदाबद्दल कुणी बोललंच नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. किराणा दुकानात बटर पेपर म्हणून जो मिळतो तो सगळा एकसारखा नसतो. पराठे गुंडाळायचा पातळ, करकरीत कागद असतो त्यावर सिलिकॉनचा लेप नसतो. तो मण्यांना चिकटतो आणि पापुद्रे निघतात. बेकिंगचं सामान मिळतं तिथून सिलिकॉन लेपाचा बेकिंग पेपर घ्या. विकत घेतल्यावर आधी चार मणी एका कोपऱ्यात वितळवून पाहा. सहज सुटले तर खरा. मेणकागद तर अजिबात नको, मेण वितळून मण्यांत मुरतं. ॲल्युमिनियम फॉइलही नको.

एकच कागद दहा-पंधरा वेळा चालतो, पण घडी पडलेला नको. घडीची रेघ जशीच्या तशी तुकड्यावर उमटते.

पॉइंटपेपर
टेपची पद्धत सांगायची राहिली. बोर्डावरच इस्त्री फिरवली की हळूहळू बोर्ड मधून फुगतो आणि मग त्यावर मणी सरळ उभे राहत नाहीत. त्यापेक्षा रचून झालं की वरून दोन इंची मास्किंग टेपच्या पट्ट्या लावा, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर तीन-चार मिमी चढलेली. पट्टीच्या कडेने घासून घ्या, एकही मणी सुटा नको. वर पुठ्ठा धरून सगळं उलटं करा आणि बोर्ड सरळ वर उचला. आता चित्र टेपवर उभं आहे आणि उघडी बाजू वर. त्या बाजूला इस्त्री, गार होऊ द्या, टेप सोलून काढा, मग टेपची बाजू. बोर्ड लगेच दुसऱ्या मुलाला मोकळा होतो, हा आठ जणांच्या वर्गात मोठा फायदा.

टेप कागदीच हवी, रंगकामवाल्यांची, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पारदर्शक चिकटपट्टी उष्णतेने आकसते आणि गोंद मण्यांवर सोडते.

बालवाडीताई
५-६ वर्षांच्या मुलांसाठी टेप म्हणजे उगाच वाढीव काम. त्यांचं चित्र लहान असतं, हृदय किंवा तारा अशा आकाराच्या छोट्या बोर्डावर. सरळ बोर्डावर इस्त्री करा. टेप ८-९ वर्षांपुढे.

मणीमोहोर
एका बोर्डापेक्षा मोठं काहीही असेल तर टेपला पर्याय नाही, वय कितीही असो. फक्त एक भर : टेप लावल्यावर मण्यांच्या भोकांवर टाचणीने टोचे मारा. नाहीतर भोकात अडकलेली हवा तापून टेप उचलते आणि त्या जागचे मणी हलतात.

पॉइंटपेपर
५ मिमीला टोचे नाही मारले तरी चालतं, वरची बाजू उघडीच असते, हवा तिथून जाते. बारीक मण्यांना मारा, ते पटकन बुजतात आणि खालची हवा अडकते.

मणीमोहोर
मोठ्या चित्राला मारलेले बरे. वाद नको, टाचणीला पैसे पडत नाहीत.

सातरस्ता
वा, हे हवं होतं. ब्रँडचं कुणी सांगेल का? आणि सोलापूरचं?

शून्यफुली
ब्रँड : हामा डेन्मार्कचा, पर्लर अमेरिकेचा, आर्टकल चीनचा. तिन्ही चांगले, तिन्हींच्या मण्यांची उंची आणि मऊपणा थोडा वेगळा. म्हणून एका चित्रात दोन ब्रँड मिसळू नका. एक आधी वितळून पसरतो, दुसरा तोवर उभाच असतो. एकाच ब्रँडमध्येही पारदर्शक किंवा अंधारात चमकणारे मणी इतरांपेक्षा वेगळे वागतात, ते आधी करून पाहा.

बिनब्रँडचे घ्यायचे तर मोठा साठा घेण्याआधी एक पाकीट मागवा. बोर्डावर दहा मणी ओळीत लावा आणि डोळा बोर्डाच्या पातळीला आणून बघा. माथे एका रेषेत नसतील तर कापणी नीट नाही, इस्त्री उंच मण्यांनाच लागेल. खुंटीवर ठासून बसवावा लागत असेल तर बोर्ड आणि मणी जुळत नाहीत. इस्त्रीनंतर तो बोर्डातून सुटणार नाही. मुलांसाठी घेताय, तर पाकिटावर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे.

पॉइंटपेपर
सोलापूरचं म्हणताय तर चादर डोळ्यांसमोरच आहे. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चढणारं प्रत्येक डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर येतं, एक चौकट म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा यांची गाठ. रंगवलेली चौकट म्हणजे धागा वर. तोच कागद बघून मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडली जात. चादरीतलं फूल, शंकरपाळ्याची नक्षी, पायऱ्यापायऱ्यांची वेल हे सगळं मुळात चौकटींतच काढलेलं असतं. मण्यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

करावं लागतं ते एकच, आणि ते न केल्याने सगळे फसतात. चादरीत इंचाला उभे आणि आडवे धागे बहुतेक वेळा सारखे नसतात. म्हणून तो कागदही सारखा नसतो. ८ × १० चा कागद म्हणजे एका मोठ्या चौकोनात ८ उभ्या रकान्यांना १० आडव्या ओळी. त्यातली प्रत्येक चौकट बुटकी असते. बोर्डावर मात्र खुंट्या दोन्हीकडे सारख्याच अंतरावर. तिथे ते फूल जसंच्या तसं मोजून उतरवलं की सव्वापट उंच होतं, गोल फुलाचं अंडं होतं. उपाय : दर पाच आडव्या ओळींमागे एक गाळा. सरसकट पाचवी नको. जिथे दोन ओळी लागोपाठ अगदी सारख्या आहेत तिथली एक काढा, म्हणजे पायऱ्या तुटत नाहीत. कागद नसेल, हातात नुसती चादर असेल, तर पट्टी लावून फुलाची उंची आणि रुंदी मोजा आणि त्याच प्रमाणात खुंट्या ठरवा.

दुसरं, मध्य. २९ ही विषम संख्या आहे, म्हणून १५वी खुंटी बरोबर मधली. ज्या नक्षीच्या मध्यावर एकच ठिपका आहे ती तिथे छान बसते. मध्यावर दोन किंवा चार चौकटी असतील तर एक रांग रिकामी सोडून २८ धरा. चार बोर्ड जोडले की ५८ × ५८ होतात, त्याला मधली खुंटी नसते. हे आधी बघितलं नाही तर शेवटच्या ओळीला कळतं.

कडकभाकरी
मग अख्खी चादरच करू की मण्यांची. ६० बाय ९० इंची.

शून्यफुली
करा. एका चौरस मीटरला ४०,००० मणी लागतात. ६० बाय ९० इंचाला १ लाख ३८ हजारांच्या वर, वजन आठ किलोच्या पुढे. पांघरल्यावर उठता येणार नाही.

कडकभाकरी
थंडीत तसंही उठवत नाही.

ठिपकेदार
ठिपक्यांची रांगोळी विसरलात सगळे. सरळ ठिपक्यांची असेल तर चौकोनी बोर्ड, मधल्या ठिपक्यांची असेल तर षट्कोनी बोर्ड. षट्कोनी बोर्डावर प्रत्येक मण्याला सहा शेजारी असतात, म्हणून कमळ, तारा, गोल हे त्यावर जास्त नीट दिसतं आणि तुकडाही पक्का होतो. तोरणासाठी हेच घ्या : सहा-सात षट्कोनी फुलं, मध्ये दोरा.

चौकोनी बोर्डावर एक पथ्य. तिरके शेजारी एकमेकांना चिकटत नाहीत. सरळ शेजारी मण्यांच्या केंद्रांत ५ मिमी अंतर असतं, तिरक्यांच्यात सात. वितळून पसरले तरी मध्ये फट राहते. फक्त कोपऱ्याला कोपरा लागून काढलेली तिरकी रेघ उचलताच सुटते. तिला पायरी द्या, म्हणजे प्रत्येक मण्याला किमान एक सरळ शेजारी हवा, दोन असतील तर उत्तम.

बालवाडीताई
याच कारणाने मुलांनी काढलेले नंदीध्वज मोडतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचं चित्र म्हटलं की सगळे सात काठ्या काढतात, एक मणी रुंदीच्या, उंच. काठी किमान तीन मणी रुंद करा, सातऐवजी एकच करा, दोन बोर्ड उभे जोडून. वरचं सजवलेलं टोक रुंद असतं, तिथे वजन येतं. त्याच्या खालचा सांधा बोर्डांच्या जोडावर येऊ देऊ नका.

माळढोक पक्ष्याचंही तेच. मान दोन मणी, पाय दोन मणी, आणि पायांखाली गवताची एक पूर्ण ओळ. गवत नसेल तर पाय पहिल्याच दिवशी जातात. भुईकोट किल्ल्याचा तट सगळ्यात सोपा, सुरुवात त्याने करा : तीन मणी भिंत, दोन मणी रिकामे, पुन्हा तीन. मोजायची सवय लागते.

शून्यफुली
नमुने संगणकावर करायचे तर स्प्रेडशीट पुरते. रकाने आणि ओळी चौकोनी करा, रंग भरा, प्रत्येक चौकटीत रंगाचं एक अक्षर लिहा, म्हणजे कुठल्या रंगाचे किती मणी ते मोजणीच्या सूत्राने लगेच कळतं. छापताना चौकट ५ मिमी ठेवा आणि 'कागदावर मावेल असं' हा पर्याय बंद करा. छापल्यावर २९ चौकटी पट्टीने मोजा, १४५ मिमी भरल्या पाहिजेत. पारदर्शक बोर्ड असेल तर कागद खाली सरकवायचा आणि रंगावर रंग ठेवत जायचं, लहान मुलांना मोजावंच लागत नाही. भरतकामाचे क्रॉस-स्टिचचे तक्तेही जसेच्या तसे चालतात.

हिप्परगा
सगळं ठीक, पण हे एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिकच ना? आठ मुलं, प्रत्येकाचे चार तुकडे, महिन्याभरात कचऱ्यात. मातीकाम शिकवा की.

ठिपकेदार
मुद्दा खरा आहे. म्हणून वापरायची वस्तू करायला लावा : वहीची खूण, किल्लीची साखळी, डब्याच्या झाकणावरचं नाव. आणि इस्त्री करण्याआधी मोडता येतं हे मुलांना सांगा. सगळ्याच चित्रांना इस्त्री लागत नाही. पाचपैकी एक आवडतं ते चिकटवायचं, बाकीच्यांचा फोटो काढून मणी परत डब्यात.

जळका वास आला, धूर दिसला तर मात्र तापमान जास्त झालंय. खिडकी उघडा आणि चकती खाली आणा.

मणीमोहोर
@हिप्परगा, उरलेले, वाकडे, दोन ब्रँडचे मिसळलेले मणी फेकायचे नसतात. जुन्या स्टीलच्या वाटीला आतून तेलाचा हात लावा, मण्यांचा एकच थर तळाला आणि कडेने लावा, ओटीजीत १८० अंशांवर १० ते १५ मिनिटं. माथे गोल आणि चकचकीत झाले की बाहेर. गार झाल्यावर वाटी आपोआप सुटते. किल्ल्या ठेवायला, खाऊ ठेवायला नको. ती स्टीलची वाटीही नंतर स्वयंपाकाला परत घेऊ नका.

आणि "मुलांचा खेळ" म्हणणाऱ्यांसाठी अवांतर : स्वीडनमध्ये १९६० च्या आसपास हे मणी निघाले ते वृद्धांच्या हातांना काम मिळावं म्हणून. मुलं नंतर आली. तेव्हा आयांबरोबर आज्यांनाही बसवा, त्यांना १० मिमीचे द्या, बोटांना पकडता येतात.

बाळीवेस
मागे चुंबक लावून फ्रिजवर लावायचं तर? फेविक्विकने लावलं की निघून येतं म्हणतात.

वायरमन
येणारच. पॉलिथिनला गोंद धरत नाही, कुठलाच नीट धरत नाही. खरवडून घेतलं तर थोडं टिकतं. त्यापेक्षा चित्रामागे मण्यांचाच दुसरा तुकडा घ्या, तो रचतानाच त्यात चुंबकाच्या मापाची जागा मोकळी ठेवा आणि दोन्ही तुकडे दोऱ्याने बांधून चुंबक मध्ये धरा. किल्लीच्या साखळीला तर गोंदाची गरजच नाही. वरून दुसऱ्या ओळीतल्या एका मण्याचं भोक बुजू देऊ नका, कडी त्यातून ओवा. अगदी कडेचा मणी नको, महिन्यात फाटतो.

सातरस्ता
सगळ्यांचे आभार. आता असं ठरवलंय : ५ मिमी मणी, एकाच ब्रँडचे, दहा रंग, एकेक ३० ग्रॅम, काळा-पांढरा ६० ग्रॅम. चौकोनी बोर्ड आठ, षट्कोनी दोन. सिलिकॉनचा बेकिंग पेपर, मास्किंग टेप. लहानांना भुईकोट, मोठ्यांना चादरीतलं एक फूल, आयांना षट्कोनी तोरण. मुलांनी रचायचं, इस्त्री मीच करणार. दीड तासात आठही तुकडे होतील ना? कोस्टरवर चहा ठेवता येईल ना?

मणीमोहोर
तुमचे एकूण ३६० ग्रॅम होतात, म्हणजे ६००० मणी. दोन बैठकांना पुरेसे. आयांच्या तोरणाला वेगळे धरा, षट्कोनी फूल मोठं केलं तर एकेकाला दोन-अडीचशे जातात.

दीड तासात रचणं होईल, इस्त्री होणार नाही. एका तुकड्याला दोन्ही बाजू आणि गार होणं मिळून सहा-सात मिनिटं. आठांना जवळपास तासभर वेगळा. सगळे एकदम संपवत नाहीत हे खरं, पण शेवटची वीस मिनिटं सगळे एकदमच संपवतात. तोवर टेप लावून, नाव लिहून ओळीने ठेवून द्या आणि इस्त्री मुलं गेल्यावर करा.

कोस्टरवर चहाचा कप चालतो. गॅसवरून उतरवलेलं भांडं नको.

पॉइंटपेपर
नाव टेपवर लिहिणार असाल तर पेन्सिलीने. स्केचपेनची शाई इस्त्रीखाली मण्यांवर उतरते. आणि लक्षात ठेवा, टेपच्या बाजूने जे दिसतं ते बरोबर असतं आणि बोर्डाच्या बाजूने उलटं. किल्ल्याला फरक पडत नाही, पण कुणी "सोलापूर" लिहिलं असेल तर टेपची बाजू पुढे ठेवा आणि त्याच बाजूला इस्त्री कमी करा, अक्षरं भरून जात नाहीत.

कडकभाकरी
आणि फरशीवर सांडलेले मणी?

शून्यफुली
केरसुणीने गोळा करा, रव्याच्या चाळणीत घाला. धूळ खाली जाते, मणी वर राहतात. केस उरले तर बादलीभर पाण्यात टाका, पॉलिथिन तरंगतं. वरचे मणी जाळीने काढून फडक्यावर सुकवा. ओला मणी बोर्डावर लावू नका, भोकातलं पाणी इस्त्रीखाली वाफ होऊन शेजारचे उडवतं.